कालेता किनाऱ्यावरच्या टाळ्या

१

भर दुपारी कालेता किनाऱ्यावरचं उत्तरेचं मचाण रिकामं होतं आणि त्याच वेळी समोरच्या पाण्यात एक माणूस गटांगळ्या खात होता. एवढ्या दोन गोष्टींबद्दल पुएर्तो अल्सिना शहरात कोणाचंच दुमत नव्हतं. बाकी मात्र जितकी तोंडं तितक्या कहाण्या.

माणूस वाचला, हे देवाचे उपकार. रोसारिओहून सुट्टीला आलेला शिंपी होता बिचारा. इस्पितळात पडल्या पडल्या नर्सबाईंच्या झग्याची शिवण कुठे चुकली आहे ते सांगण्याइतका आता सावरला होता. त्याला बाहेर काढलं तेही त्या मचाणाच्याच जीवरक्षकानं, एलिसेओ मानसियानं. पण उशिरा काढलं. मचाण सोडून तो गेला कुठे होता, याचं त्यानं दिलेलं उत्तर कोणालाच पटलं नव्हतं. शुक्रवारी समिती बसायची होती. परवाना गेला, तर देशातल्या कुठल्याच किनाऱ्यावर एलिसेओला पुन्हा मचाणावर चढता येणार नव्हतं.

चौकशीचं काम ओफेलिया गोरोसितोबाईंकडे आलं. शहरातल्या सगळ्या किनाऱ्यांवर कोणता जीवरक्षक कुठे आणि कधी बसेल, तो आराखडा त्याच करत. बाई साठीला टेकलेल्या, अंगानं भरलेल्या आणि जिभेनं तिखट. समितीचे सचिव बेलमोंते त्यांना म्हणाले होते, "बाई, फार खोलात जाऊ नका. पोरगं डोंगराकडचं, नवखं. चुकलं असेल." ओफेलियाबाईंना खोलात जाऊ नका म्हटलं की त्या बुडी मारणारच.

"बस," त्यांनी एलिसेओला सांगितलं आणि 'माते' या तिकडच्या कडवट चहाचा नळी घातलेला पेला त्याच्यापुढे केला.

"नको, बाई."

"नको काय? तोंड बघ केवढंसं झालंय. दोन दिवस जेवलास तरी का? घे मुकाट्यानं."

त्यानं नळी तोंडाला लावली. कातामार्काच्या डोंगरातला हा मुलगा धरणात पोहायला शिकला होता. बाकीचे जीवरक्षक त्याला 'डोंगरी मासा' म्हणून चिडवत. त्यावर तो नुसता हसायचा. आज त्याच्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नव्हता.

"टाळ्या वाजत होत्या, बाई," तो म्हणाला. "दोन मचाणांच्या मधोमध, सुलेमाकाकूंच्या तंबूंपाशी. पुष्कळ लोक वाजवत होते. मूल हरवलं असणार म्हणून मी उतरलो."

यात नवल काही नव्हतं. किनाऱ्यावर हरवलेलं मूल कोणाला दिसलं, की तो त्याला खांद्यावर घेतो आणि भोवतालचे सगळे टाळ्या वाजवू लागतात. खांद्यावरचं मूल पुढे पुढे जातं, टाळ्याही त्याच्याबरोबर जातात, आणि कुठून तरी आई धावत येते. टाळ्या ऐकल्या की जवळच्या मचाणावरच्या जीवरक्षकानं जायचं आणि दुसऱ्यानं सगळं पाणी सांभाळायचं, असा नियम होता.

"मिर्नाला कळवलंस?"

"शिट्टी मारली. टाळ्यांत ऐकू गेली नसेल. पण मी वळून बघितलं ना. दक्षिणेच्या मचाणावर तिचं लाल जाकीट दिसलं. म्हटलं, मिर्ना आहे. म्हणूनच गेलो, बाई. नाहीतर पाणी सोडून मी हललो नसतो."

"आणि मूल?"

"नव्हतं. मी पोचलो तोवर टाळ्या थांबल्या होत्या. एक बाई म्हणाली, झालं, घरी नेलं. कोणी खांद्यावर नव्हतं. टाळ्यासुद्धा एकाच जागी वाजत होत्या, हलत नव्हत्या. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं. मी पाण्याकडे वळून बघतो तर..."

ओफेलियाबाईंनी पेला पुन्हा भरला. त्यांचा त्याच्यावर विश्वास होता. पण विश्वासावर समिती चालत नाही. ती घटना जानेवारीच्या, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यातल्या, शेवटच्या दिवशीची. दुसऱ्या दिवशी सुट्टीचा पंधरवडा बदलला, तंबूंतली सगळी बिऱ्हाडं आपापल्या गावी गेली आणि नवी आली. टाळ्या वाजवणारे हात देशभर पांगले होते. त्याहून वाईट म्हणजे मूल हरवल्याची बातमी बाईंच्या कचेरीत लगेच येते, आणि त्या दिवशी कालेतावर एकही मूल हरवलं नव्हतं.

२

मिर्ना एचार्त दक्षिणेच्या मचाणावर बसली होती. ओफेलियाबाई शिडीखाली उभ्या राहिल्या. मिर्ना त्यांच्याशी बोलत होती, पण नजर पाण्यावरून काढत नव्हती. वळणच तसं होतं, बापाचं. ओविदियो एचार्त मास्तरांनी अर्ध्या शहराला पोहायला शिकवलं होतं. एक पोरगी मचाणावर चढणार म्हणून सगळा किनारा हसला, तेव्हा ओफेलियाच्या गळ्यात शिट्टी घालणारे मास्तरच होते. त्या शिट्टीचं ऋण ओफेलियाबाई जन्मभर मानत आल्या होत्या.

"टाळ्या? नाही, मावशी," मिर्ना म्हणाली. "मला नाही ऐकू आल्या."

"अगदीच नाही?"

"नाही. मी माझ्या बाजूचं पाणी बघत होते. एलिसेओ उतरला तेही मला कळलं नाही."

"बरं. मास्तर कसे आहेत?"

"बरे आहेत. गुडघे धरलेत, हिवाळ्यापासून घराबाहेर पडत नाहीत."

"येते मी एकदा बघायला."

"नको!" मिर्ना पटकन म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "म्हणजे आत्ता नको. दादा यायचाय ब्वेनोस आयरेसहून. घरात पसारा आहे."

एचार्तांच्या घरात पसारा कधी नव्हता, हे ओफेलियाबाईंना आठवलं. त्या तंबूंकडे वळल्या.

तंबू भाड्यानं देणारी सुलेमा म्हणजे कालेताची बिनपगारी कोतवाल. तिच्या नजरेतून खेकडासुद्धा सुटायचा नाही. पुढच्या रांगेच्या तंबूंनी पाणी झाकलं जातं म्हणून एलिसेओनं ती रांग तिला मागे घ्यायला लावली होती. तेव्हापासून त्याचं नाव निघालं की तिच्या कपाळाला आठी.

"टाळ्याबिळ्या काही नाही गं," तिनं सांगून टाकलं. "तुझा तो डोंगरी मासा गाडीवरचे तळलेले चुरो खायला गेला असेल. मिर्नाचं विचारशील, तर ती जागेवर होती. लाल जाकीट घालून बसलेली या डोळ्यांनी बघितली मी."

"इतक्या लांबून दिसली?"

"लाल रंग तो, आंधळ्यालाही दिसेल."

"गर्दी होती का त्या दिवशी?"

"विचारू नकोस! उत्तरेचा वारा सुटलेला, वाळूवर पोळी भाजून निघाली असती. सगळे सावलीला तंबूंत घुसलेले. मी तर पाय बादलीत सोडून बसले होते."

ओफेलियाबाईंनी मान डोलावली आणि निघाल्या. दोन साक्षी एकमेकींशी जुळत होत्या आणि दोन्ही एलिसेओच्या विरुद्ध होत्या. चार पावलं गेल्यावर मागून सुलेमाची हाक आली.

"अगं ओफेलिया! त्या पोराचा परवाना खरंच जाणार का गं?"

आवाज चक्क ओला होता. ज्याचं वाटोळं व्हावं म्हणून खोटं बोलायचं, त्याच्यासाठी कोणी असा गळा काढत नाही. मग सुलेमा खोटं बोलत होती ती कोणासाठी?

३

दुसऱ्या दिवशी दुपारी ओफेलियाबाई पाळ्या तपासायला बार्रांका किनाऱ्यावर गेल्या. वाळू तापली होती, पण त्यांचं लक्षच नव्हतं. शुक्रवार दारात येऊन उभा राहिला होता आणि हातात काही नव्हतं. एलिसेओनं सकाळी विचारलं होतं, "बाई, आईला कळवू का, की थांबू?" त्या "थांब" म्हणाल्या खऱ्या, पण कशाच्या जोरावर ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

इतक्यात टाळ्या सुरू झाल्या.

निळ्या टोपीतली एक चिमुरडी एका दांडग्या माणसाच्या खांद्यावर बसून भोकाड पसरत होती. तो चालेल तशा टाळ्या चालत होत्या. झोपलेले उठून वाजवू लागले, पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. ओफेलियाबाईही वाजवू लागल्या, सवयच ती. मग एक बाई ओल्या केसांनी धावत आली आणि लेकीला छातीशी धरून रडायला लागली. सगळ्यांनी शेवटचा एक कडकडाट केला आणि पत्ते पुन्हा उचलले.

ओफेलियाबाईंचे हात मात्र तसेच जोडलेले राहिले. मुलाला खांद्यावर का घेतात? ते गर्दीत दिसावं म्हणून. मग कालेतावर कोणीच खांद्यावर का नव्हतं? टाळ्या एकाच जागी का वाजत होत्या?

त्यांनी मचाणाकडे पाहिलं. वर बसलेला जीवरक्षक घामानं निथळत होता, अंगावर एक चड्डी तेवढी. लाल जाकीट खुर्चीच्या पाठीला लोंबत होतं.

"काय रे, जाकीट घालत नाहीस?"

"चेष्टा करता का, बाई? सकाळी गारठा असतो तेव्हा घालतो. दुपारी खुर्चीच घालते!"

ओफेलियाबाईंनी कपाळावर हात मारला. वाळूवर पोळी भाजेल अशा उन्हात मिर्ना जाकीट घालून बसेल कशाला? सुलेमाला दिसलं ते जाकीट. एलिसेओला दिसलं तेही जाकीट. त्यात मिर्ना होती हे कोणी बघितलं? आणि वारा उत्तरेचा, म्हणजे तंबूंकडून दक्षिणेच्या मचाणाकडे वाहणारा. वाऱ्याच्या उलट बसलेल्या एलिसेओला ज्या टाळ्या ऐकू गेल्या, त्या मिर्नाला दुप्पट ऐकू गेल्या असणार. ती खोटं बोलत होती. कारण मूल नव्हे, दुसरंच कोणीतरी हरवलं होतं, ज्याला खांद्यावर घेता येत नव्हतं. कोण हरवलं होतं ते ओफेलियाबाईंना कळलं, आणि आपल्याला ते कळायला नको होतं असं त्यांना मनापासून वाटलं.

४

एचार्तांच्या अंगणात दोरीवर एक जुनी, विटलेली लाल चड्डी वाळत होती. शिवणींत वाळू अडकलेली. जो माणूस हिवाळ्यापासून घराबाहेर पडला नाही, त्याच्या चड्डीत वाळू येते कुठून? ओफेलियाबाईंनी ती हातानं झटकली आणि आत गेल्या.

ओविदियो मास्तर खिडकीशी बसले होते. खांदे तसेच रुंद, पण अंगातला सदरा उलटा घातलेला. बाईंना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"ओफेलिया! पोरी, तू इथे? मग पाण्यावर कोण आहे?"

"आहेत, मास्तर. दोघं आहेत कालेतावर."

"दोघं?" मास्तरांच्या भुवया आक्रसल्या. "तिघं हवेत. दोन वर आणि एक वाळूवर फिरता. पोर हरवलं तर कोण जाणार? वरचा उतरला की पाणी उघडं पडतं. किती वेळा सांगितलंय तुला!"

यंदा दक्षिणेला नवे किनारे उघडले, माणसं कमी पडली, म्हणून कालेताचा वाळूवरचा माणूस ओफेलियाबाईंनीच तिकडे हलवला होता. जवळच्या मचाणावरच्यानं जायचं, हा नियमही त्यांचाच. टाळ्या बरोबर मधोमध वाजल्या तर जवळचं मचाण कोणतं, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं.

"चुकलं, मास्तर," त्या म्हणाल्या.

"चुकतं गं. जरा इकडे ये, तुला गंमत सांगतो." मास्तरांनी आवाज बारीक केला. "परवा सगळा किनारा माझ्यासाठी टाळ्या वाजवत होता."

ओफेलियाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "कशासाठी हो?"

"कोणाला तरी काढलं असणार मी पाण्यातून. कोणाला ते आठवत नाही. पण उगाच का वाजवतील एवढी माणसं? एका छोट्या पोरीनं तर माझा हात धरला होता. मला रडूच आलं. इतक्या वर्षांत कोणी वाजवल्या नव्हत्या गं. मग मिर्ना आली, म्हणाली, चला बाबा घरी." ते हसले. किती सुखानं हसले!

ओफेलियाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि डोळ्यांतलं पाणी वाहू दिलं. मागे दार वाजलं. मिर्ना उंबऱ्यात उभी होती, हातात पावाची पिशवी.

"ते रडत होते, मावशी," ती तिथूनच म्हणाली. "घर कुठे ते सापडेना म्हणून. सगळ्यांत आधी त्या छोट्या मुलीनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मी वरून बघितलं तर बाबा. मी धावत सुटले. एलिसेओ वर आहे असंच मला वाटलं, देवाशपथ. सुलेमाकाकूंनी त्यांना पाणी पाजलं, आणि तंबूंच्या मागून मी त्यांना घरी आणलं."

"तुला वाटलं तो आहे, त्याला वाटलं तू आहेस," ओफेलियाबाई म्हणाल्या. "आणि पाणी वाऱ्यावर."

"दादाला कळलं तर तो यांना घेऊन जाईल. सातव्या मजल्यावरची खोली बघून ठेवलीय त्यानं. खिडकीतून समोरची भिंत दिसते. बाबा तिथे महिनाभर तरी जगतील का?" मिर्नाला हुंदका आवरेना. "तू सांगणार का समितीला?"

ओफेलियाबाई उठल्या. त्यांनी मिर्नाला जवळ घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं.

"शुक्रवारपर्यंत मी तोंड उघडत नाही. ते तुझं काम आहे. पण त्या दिवशी तू बोलली नाहीस तर मी बोलणार, पोरी. त्या मुलाच्या जन्माचा प्रश्न आहे."

मिर्ना पावाची पिशवी घेऊन आत गेली.

५

शुक्रवारी समितीच्या खोलीत पंखा नुसता आवाज करत होता. सचिव बेलमोंते मध्यभागी, एलिसेओ एका टोकाला, मांडीवर हात ठेवून. सुलेमा साक्षीला आलेली. मागच्या खुर्चीत शहरी कपड्यांतला एक अनोळखी माणूस बसला होता. मिर्नाची खुर्ची रिकामी होती.

"मुलगा खरं बोलतोय," ओफेलियाबाईंनी सुरुवात केली. "टाळ्या वाजल्या होत्या." त्यांनी उन्हाचं सांगितलं, जाकिटाचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं. टाळ्या जागच्या हलल्या नाहीत, कारण हरवलेल्याला उचलणं शक्य नव्हतं, हेही सांगितलं. बोलता बोलता त्यांची नजर सारखी दाराकडे जात होती.

"सगळं ठीक आहे, बाई," बेलमोंते वैतागले. "पण हरवलं होतं कोण? नाव सांगा, नाहीतर मी सही करतो."

ओफेलियाबाईंनी श्वास घेतला. नाव ओठांवर आलं होतं.

"माझे वडील," दारातून आवाज आला. मिर्ना धापा टाकत उभी होती, वडिलांचा हात धरून. "घरात एकटे ठेवता येत नाहीत, म्हणून घेऊन आले. मी मचाण सोडलं आणि मी खोटं बोलले. एलिसेओचा काही दोष नाही."

मागच्या खुर्चीतला माणूस ताडकन उठला. मिर्नाचा भाऊच तो, रेनातो. समितीपुढे बहिणीचं नाव आलंय हे कळल्यावर सकाळीच गाडीतून उतरून थेट इथे आला होता.

"आणि मीही खोटं बोलले!" सुलेमानं मध्येच सूर लावला. "ओविदियोला लोक वेडा म्हणाले असते, मला सहन झालं नसतं. मलाही द्या काय शिक्षा द्यायची ती!"

"तुम्ही बसा हो बाई," बेलमोंते म्हणाले.

"आणि आराखडा माझा होता," ओफेलियाबाई म्हणाल्या. "वाळूवरचा माणूस मी काढला. टाळ्यांनी दोघांनाही ओढलं, कारण दोघांनाही जायला मीच सांगितलं होतं. तुमच्या कागदावर माझं नाव आधी येऊ द्या."

एलिसेओचा परवाना राहिला. मिर्नाला उरलेला उन्हाळा मचाण बंद झालं, आणि तिनं ते मान खाली घालून ऐकलं. बाहेर जिन्यात ती एलिसेओपाशी थांबली.

"मला सांगितलं असतंस तर मीच गप्प बसलो असतो," तो म्हणाला.

"म्हणूनच नाही सांगितलं," मिर्ना म्हणाली. "पण न सांगता तुला बुडवलं, ते त्याहून वाईट झालं."

एलिसेओनं तिच्याकडे पाहिलं नाही. राग त्यालाही आला होता आणि तो रास्त होता.

शनिवारी सकाळी ओफेलियाबाई एचार्तांकडे पोचल्या, तेव्हा रेनातो दिवाणखान्यात वडिलांची पेटी भरत होता. दुपारची गाडी होती. मिर्ना कपड्यांच्या घड्या करून देत होती. मास्तर कोट घालून खुर्चीत बसले होते. आपण कुठे चाललो आहोत हे कोणीतरी सांगेल, अशी वाट बघत.

दार वाजलं. दारात एलिसेओ होता, लाल चड्डी, गळ्यात शिट्टी.

"मास्तर, चला," तो म्हणाला. "कालेतावर वाळूवरचा माणूस सोमवारी यायचाय. तोवर मला डोळे कमी पडतात."

मास्तर उठलेच. कोट उतरवून त्यांनी खुर्चीवर टाकला. रेनातो पुढे झाला, तोंड उघडलं, आणि वडिलांचा चेहरा बघून तसाच थांबला. असा चेहरा त्यानं लहानपणानंतर बघितला नसावा.

"अंधार पडायच्या आत आणून सोड," तो एलिसेओला म्हणाला.

"आणि गाडी?" मिर्नानं विचारलं.

रेनातोनं हातातला सदरा पेटीत न ठेवता मांडीवर घेतला. "उद्याही असते गाडी. परवाही असते," तो म्हणाला आणि नाक ओढत खाली बसला.

त्या दिवशी ओफेलियाबाई कचेरीत गेल्याच नाहीत. दक्षिणेच्या मचाणावर मिर्नाच्या जागी त्या स्वतः चढल्या, गुडघ्यांना शिव्या देत. तिथून त्यांना उत्तरेचं मचाण दिसत होतं. वर एलिसेओ, खाली सुलेमानं फुकट दिलेल्या छत्रीखाली मास्तर. दुपारी माते घेऊन त्या तिकडे गेल्या, पण पाळीचा माणूस आपल्या जागी वर चढल्यावरच.

"तू नवा का रे?" मास्तर वरच्या मुलाला विचारत होते.

"हो, मास्तर."

"नाव काय?"

"एलिसेओ. एलिसेओ मानसिया, कातामार्काचा."

"डोंगराकडचा? आणि पोहायला येतं?"

"थोडं थोडं. तुम्ही शिकवाल ना?"

"बघू," मास्तर म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. एलिसेओनं पुन्हा तितक्याच आनंदानं नाव सांगितलं, जणू पहिल्यांदाच सांगतोय. संध्याकाळपर्यंत हे असंच चाललं, आणि तेवढ्या वेळात दोघांपैकी एकानंही पाण्यावरची नजर काढली नाही.